पक्कड आणि सुटका

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, किसणी आणि लाटण्याच्या शेजारी, लाल मुठींचे एक बुटके बोल्ट कटर पडलेले असते. सरोवरे गोठली की त्याचा मुक्काम तिथे. मोसम सुरू झाला की ते होडीत जाते. घरी आलेला एखादा मराठी पाहुणा चमचा शोधताना ते उचलतो आणि विचारतो, "हे कशाला?" आम्ही सांगतो, "मासा सोडवायला." पाहुणा हसतो. मासा धरायला काय काय लागते याची थोडीफार कल्पना प्रत्येकाला असते. सोडवायलाही हत्यार लागते हे ऐकून गंमत वाटते. एके काळी आम्हालाही ती गंमतच वाटली असती. पुढे ती का वाटेनाशी झाली, त्याची ही हकिगत.

आम्ही दोघेही साहित्याचे शिक्षक. एकाने सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात नऊ वर्षे मराठी शिकवले, दुसऱ्याने इंग्रजी. २०११ साली आम्ही मिनेसोटात आलो. या राज्यातल्या मोटारींच्या पाट्यांवरच 'दहा हजार सरोवरे' असे लिहिलेले असते. इथला शेजारी पहिल्या भेटीत हवामानाविषयी बोलतो आणि दुसऱ्या भेटीत माशांविषयी. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने आम्हाला गळ घातली, आणि आम्ही त्याच्या होडीत बसलो. चौथ्या उन्हाळ्यात आमची स्वतःची जुनी होडी होती.

इथल्या गोड्या पाण्याचा राजा म्हणजे मस्कलंज, बोलीत मस्की. नाव आले आहे ओजिब्वे भाषेतून. या सरोवरांकाठी आधीपासून राहणाऱ्या लोकांची ती भाषा. अंगाने लांबट, तोंड सुसरीची आठवण करून देणारे, जबड्यात आणि टाळ्यावर शेकडो दात. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि एका झेपेत भक्ष्य गाठायचे, ही त्याची रीत. तो क्वचित लागतो. दहा हजार वेळा गळ फेकाल तेव्हा एकदा भेटेल, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. वाढतोही सावकाश. मादीला ५० इंच लांबी गाठायला दीड दशक लागू शकते. म्हणून मिनेसोटात २०१५ पासून सर्वसाधारण नियम असा आहे, की ५४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटरपेक्षा, लहान मस्की ठेवून घेता येत नाही. आणि मस्कीच्या मागे लागलेले बहुतेक लोक त्याहून मोठा मासाही सोडूनच देतात. १९६६ साली याच राज्यात स्थापन झालेल्या 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' या संघटनेने ही सोडून देण्याची चाल रुजवायला मोठा हातभार लावला. मासा धरायचा, क्षणभर पाहायचा आणि सोडायचा. हे सगळे आम्ही पुस्तकांत वाचले होते. वाचलेले सगळे आपल्याला येते, असा समज शिक्षकांचा चटकन होतो.

२०१९ च्या जुलैमधली ती संध्याकाळ. आठवडाभर उकाडा होता आणि पाणी हाताला कोमट लागत होते. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की मस्कीच्या वाटेला जाऊ नये, असे जाणते सांगतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेल्या माशाला सावरता येत नाही. आम्हाला ते ठाऊक होते. तरीही गेलो, कारण सुट्टी होती. अंधार पडता पडता होडीच्या अगदी कडेला एका माशाने आमचे आमिष धरले. ते आमिष म्हणजे वीतभराहून लांब लाकडी मासा, आणि त्याच्या पोटाखाली तीन-तीन आकड्यांचे दोन गळ. एकूण सहा टोके, प्रत्येक टोकाला उलटा काटा. मासा जाळ्यात आला तेव्हा दोन टोके त्याच्या जबड्यात होती, एक कल्ल्याच्या कडेला, आणि उरलेल्यांपैकी दोन जाळ्याच्या धाग्यांत गुंतली होती. मासा उसळला की जाळे गळाला ओढायचे आणि गळ माशाला.

एकाने जाळे धरले, दुसऱ्याने लांब नाकाची पक्कड. पिळून, ढकलून, मागे रेटून एक टोक निघायचे, की माशाच्या एका हिसड्यासरशी दुसरे आणखी खोल जायचे. मधेच एकाने विचारले, "गळ कापू या का?" दुसऱ्याचे उत्तर आम्हाला अजून शब्दशः आठवते: "आज सकाळीच नवे बसवलेत." कोणी विचारले आणि कोणी उत्तर दिले, हे आम्ही घरातही बोलत नाही. बदलीचा एक गळ दोनएक डॉलरना मिळतो. आणखी तीन-चार मिनिटांनी, कल्ल्याशी रक्त दिसू लागले तेव्हा, आम्ही पेटीतून कात्रीवजा पक्कड काढली. ती तांब्याची तार कापायची होती. गळाच्या पोलादावर ती दाबली तर तिच्याच पात्याला खाच पडली. शेवटी गळ हिसकूनच काढावा लागला.

मासा सोडला. तो हातातून निसटून खाली गेला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. अर्ध्या तासाने परतताना पाण्यावर पांढरे पोट दिसले. मोजले तर ४४ इंच. वय दहा-बारा वर्षांचे असावे. कायद्याने तो ठेवून घेता येत नव्हता. लहान मासा मेला असला तरी तो पाण्यालाच परत द्यावा लागतो. जिथे बांगड्याचे डोकेसुद्धा कालवणात जाते अशा घरांत आम्ही वाढलो. चार फुटांचा मासा मारून, तो तसाच पाण्यावर तरंगत ठेवून, आम्ही घरी आलो.

त्या रविवारी मालवणच्या काकांना फोन केला. काका उभा जन्म रापणीवर गेलेले. आता प्रत्यक्ष ओढायला जात नाहीत, पण सकाळी किनाऱ्यावर असतात. त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मासो सोडूचोच होतो, तर धरलात कित्याक?" प्रश्न खोचक नव्हता. त्यांना खरोखरच कळले नव्हते. आम्ही छंद, निसर्गाशी जवळीक, माशांच्या संख्येचे रक्षण असे बरेच काही बोललो. फोन ठेवल्यावर आमच्या लक्षात आले, की यातले काहीही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मराठीत त्या हत्याराला 'पक्कड' म्हणतात, हे आम्हाला त्यानंतर कितीतरी दिवस टोचत राहिले. वर्गात हा शब्द आम्ही किती सहज वापरला होता: विद्यार्थ्याची विषयावर पक्कड हवी, समीक्षकाची संहितेवर पक्कड हवी. आणि जे धरले ते सोडवण्याची वेळ आली, तेव्हाही आमच्या हातात पक्कडच होती. गळ माशात रुततो तो धरून ठेवण्यासाठी. त्याचा उलटा काटा मागे ओढण्याला विरोध करण्यासाठीच घडवलेला असतो. पक्कड तो आल्या वाटेने परत ओढते आणि वाट आणखी फाडते. कटर गळाशी झगडतच नाही, तो गळ मोडून टाकतो. काटा बाहेर दिसत असेल तर तो कापायचा आणि उरलेला दांडा अलगद मागे घ्यायचा. काटा आत असेल तर दांडा कापायचा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्यायचा. खोल गेलेला गळ ओरबाडून काढण्यापेक्षा सोडून देणे माशाला बहुधा कमी घातक ठरते. दोन्ही पर्यायांत आपला गळ जातो. विकत घेताना कटरची जी किंमत मोजतो ती एकदाच; ही दुसरी किंमत प्रत्येक माशामागे मोजायची असते.

तर कटर घ्यायचे ठरले. गावातल्या मासेमारीच्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "गळ आणलात का?" चपला घ्यायला पाय घेऊन यावे, तसे कटर घ्यायला आपला सर्वांत जाड गळ घेऊन यावे, हे त्यांचे म्हणणे. वेष्टनावर किती जाडीची तार कापता येईल याचे आकडे असतात, त्यांतला सर्वांत मोठा आकडा मऊ तारेचा असतो आणि दुकानदार तोच दाखवतात. पाहायचा तो सर्वांत लहान आकडा, म्हणजे पियानोच्या तारेचा. गळाचे पोलाद त्या जातीचे, पाणी दिलेले, कडक. साध्या पकडीचे पाते त्याच्यापुढे हरते, ते आमच्या पेटीतल्या पात्याने सिद्ध केलेच होते.

दुसरी गोष्ट सांध्याची. साध्या पकडीला एक खीळ असते; चांगल्या बोल्ट कटरला जोडसांधा असतो, त्यामुळे मुठीवरचा जोर पात्यापाशी अनेक पटींनी वाढतो. थंडीने बधिर झालेल्या किंवा वयाने दुबळ्या झालेल्या हातालाही एका दाबात गळ तोडता आला पाहिजे. दोन दाब लागले तर मधल्या वेळात मासा उसळतो. म्हणून गळ पात्याच्या टोकाशी घ्यायचा नाही, खिळीजवळ घ्यायचा. तिसरी गोष्ट लांबीची. लांब मुठींना जोर जास्त, पण त्या उघडायला जागाही जास्त लागते, आणि जाळ्यात जागाच नसते. आठ इंचांच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटरच्या कटरला एक हात पुरतो. दुसरा हात माशासाठी मोकळा राहतो. डोके मात्र अरुंद हवे, दातांच्या रांगेतून आत शिरेल असे. मुठी आपोआप उघडाव्यात म्हणून स्प्रिंग हवी. मिटवून ठेवणारी कडी असेल तर मासा जाळ्यात येण्याआधीच ती काढलेली हवी. मूठ ओल्या हातातून न निसटणारी आणि रंग भडक. अंधारात, घाईत, होडीच्या तळाशी दिसला पाहिजे असा.

दुकानात दोन कटरे होती. एक स्वस्त, आमचा गळ त्याने तोडला खरा, पण उजेडात धरल्यावर पात्यावर बारीक खाच दिसली. दुसरे जर्मनीतल्या वुपरटालच्या क्निपेक्सचे. हा कारखाना १८८२ पासून पकडी आणि कटरे घडवतो. त्याने तोडताना नुसता 'कट्' असा आवाज झाला आणि गळाचा तुकडा उडून फळीवर आपटला. गृहस्थ म्हणाले, "हा तुकडा डोळ्यातही जाऊ शकतो. चष्मा लावा, आणि शक्य तर पाण्याखाली कापा." आणि पैसे घेताना म्हणाले, "हे पेटीत ठेवायचे नाही. पेटी उघडण्यात एक श्वास जातो." इथला एक साधा नियम आहे: मासा पाण्याबाहेर काढताना आपणही श्वास रोखावा, आपण कासावीस झालो, की मासा पाण्यात परत.

त्या हिवाळ्यात आम्ही जेवणाच्या मेजावर जुने गळ कापत बसायचो. टॉवेलात गुंडाळलेली वांगी हा मासा. आणि त्याच हिवाळ्यात, सवयीने, आम्ही माशांविषयीचे साहित्य पुन्हा काढले.

हेमिंग्वेची १९५२ ची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरिका पुलंनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली, हे या वाचकांना सांगायला नको. ती आम्ही दोघांनीही शिकवली आहे, एकाने एका भाषेत, दुसऱ्याने दुसऱ्या. झुंज, एकाकीपण, पराभवातले तेज असे ठरलेले मुद्दे फळ्यावर लिहिले आहेत. कापण्याचा एक प्रसंग मात्र दोघांच्याही टिपणांत नव्हता. मोठा मासा ओढत असताना म्हातारा रात्री सुरीने आपल्या इतर दोऱ्या कापून टाकतो. दुसऱ्या एका गळाला काहीतरी लागलेले असते, तेही तो जाऊ देतो. चांगल्या दोऱ्या, गळ, सगळे समुद्रात जाते. गरीब माणसाने आपली आयुधे स्वतःच्या हाताने तोडण्याचा तो क्षण आहे. पण तो तोडतो ते एकाच माशावरची पकड ढिली होऊ नये म्हणून. त्याचा त्याग धरण्यासाठी आहे. यात त्याचा दोष नाही. त्याला पोट आहे, आम्हाला फक्त सुट्टी होती. परंतु तो प्रसंग वाचताना 'आज सकाळीच नवे बसवलेत' हे वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि ८४ दिवस मासा न मिळालेल्या म्हाताऱ्यापुढे आमचा कंजूषपणा फार लहान दिसला.

दुसरी रचना एलिझाबेथ बिशप यांची 'द फिश', १९४० साली प्रसिद्ध झालेली. तिच्यातली निवेदिका एक प्रचंड, जुना मासा धरते. तो झुंजतच नाही. ती त्याला निरखत राहते आणि तिला दिसते, की त्याच्या खालच्या ओठात पूर्वीचे पाच गळ रुतून मांसात भरून आले आहेत, तुटलेल्या दोऱ्यांसकट. कवयित्रीला ती पदके वाटतात. शेवटी ती मासा सोडून देते. वर्गात आम्ही ही कविता करुणेची म्हणून, पाहण्यातून येणाऱ्या परिवर्तनाची म्हणून शिकवली आणि ते वाचन चुकीचे नव्हते. पण कटर हाताशी ठेवून वाचताना एक वेगळाच प्रश्न पडला. कवितेच्या सुरुवातीला निवेदिकेचा स्वतःचा गळ माशाच्या तोंडात पक्का बसलेला आहे. शेवटी मासा सुटतो. मधे तो सहावा गळ कसा निघाला? कविता सांगत नाही. तिने तो काढला, कापला, की तसाच ठेवला?

हे कवितेचे न्यून म्हणून आम्ही सांगत नाही. कवितेला जिथे पोहोचायचे होते तिथे ती पोहोचली आहे. मात्र सोडण्याचा निर्णय आणि प्रत्यक्ष सुटका यांच्यामध्ये हातांचे एक काम असते. ते ओंगळ असते, त्यात रक्त आणि चिकट स्राव असतो, घाई असते, आणि साहित्य ते बहुधा ओलांडून जाते. आम्हीही ते ओलांडूनच वाचत आलो. मासा सोडायचा असे मनाशी ठरवले म्हणजे तो सुटला, असा आमचा जो भाबडा समज त्या जुलैत होता, त्याचे थोडे खापर आमच्या वाचनाच्या सवयीवरही फोडावे लागेल.

कटरचा पहिला खरा उपयोग मात्र माशावर झाला नाही. २०२० च्या सप्टेंबरात एका लहानशा माशाने मान झटकली आणि मोकळे असलेले टोक आमच्यापैकी एकाच्या अंगठ्यात शिरले. एकाच गळाच्या एका टोकाला मासा, दुसऱ्याला माणूस. मासा हिसका देई तेव्हा काटा अंगठ्यात फिरे. गळ कापेपर्यंत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला नसेल. मासा गेला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अंगठा बधिर करून टोक पुढे ढकलले, काटा कातडीबाहेर काढून कापला आणि उरलेला तुकडा मागे ओढून घेतला. मेजावर वांग्यांवर आम्ही हीच कृती गिरवली होती. धनुर्वाताची सुई घेऊन परत येताना त्या अंगठ्याचा मालक इतकेच म्हणाला, "मागे ओढला असता तर काय झाले असते, ते आता कळले."

मोठा मासा आला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पाणी चांगले थंड झाल्यावर. ४७ इंच. जाळे पाण्यातच ठेवले. मासा होडीत घेतला नाही. तीन टोके रुतलेली होती. कट्, कट्, कट्. कोणीही कोणाला काही विचारले नाही. छायाचित्र काढायचे राहून गेले. शेपटीच्या मुळाशी हात धरून त्याला पाण्यात सरळ ठेवले. कल्ले संथ उघडमिट करीत होते. मग शेपटीने आमचा हात झटकला आणि तो खाली गेला. त्यानंतर आम्ही तासभर त्याच जागी थांबलो. पांढरे काही वर आले नाही. तो जगला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दमलेला मासा उशिरानेही मरतो. पण आपल्या हातून जे करायचे ते यावेळी झाले होते.

हे काकांना सांगायला फोन केला तेव्हा ते आपलेच काहीतरी सांगायच्या घाईत होते. दोन दिवसांपूर्वी रापणीत व्हेल शार्क आला होता. हा जगातला सर्वांत मोठा मासा. त्याला भारतात २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वीच्या दिवसांत काय झाले असते ते काकांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. "मगे?" आम्ही त्यांच्याच बोलीत विचारले. "जाळां कापलां. दुसरां काय करतलंव?" चाळीस माणसांच्या रापणीचे जाळे कोयत्याने उभे फाडले होते आणि मासा समुद्राकडे ढकलला होता. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई देणारी योजना राज्य शासनाने २०१८ साली सुरू केली आहे; तेव्हा तिची कमाल मर्यादा २५ हजार रुपये होती. छायाचित्रांसह अर्ज करायचा असतो. काकांचा पुतण्या त्याच कामात होता. जाळे विणायला, सांधायला किती दिवस लागतील, याचा हिशेब काकांनी बोलता बोलता मांडला. तो रुपयांत नव्हता. किती माणसे, किती दिवस बसतील, असा होता.

मग त्यांनी आमची गोष्ट ऐकली. कटरचे वर्णन लक्ष देऊन ऐकले. सांध्याविषयी दोन प्रश्न विचारले. तीन गळ कापले म्हटल्यावर "बरां केलात" म्हणाले. आम्हाला वाटले, त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर अखेर मिळाले. तेवढ्यात त्यांनी विचारले, की त्या लाकडी माशाला आता नवे गळ बसवले का?

बसवले होते. फोन आला-गेला तेव्हा ते आमिष आमच्यासमोर मेजावरच होते, सहा नवी टोके लावलेले. आम्ही हो म्हणालो. काका थोडे थांबले आणि त्यांनी विषय पावसाकडे वळवला.